अण्णांचं शेराचं कुंपण

शेर लावायला अक्कल लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली ज्याला त्याला वाटतं की आपल्याला झाडातलं कळतं. आमच्या नेऱ्याच्या घरी वरच्या खोल्यांत लातूरकडचं एक जोडपं भाड्यानं राहतं. दोघंही हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतात आणि शनिवार-रविवार झाडं विकत आणतात. गेल्या महिन्यात त्यांनी गॅलरीत पांढऱ्याशुभ्र कुंडीत एक काडी लावली, भोवती गुळगुळीत गोटे रचले आणि मला कौतुकानं वर बोलावलं. पाहते तर शेर. मुळशीतल्या आमच्या माले गावात बांधाबांधावर उभा असायचा तोच. पान नाही, नजरेत भरेल असं फूल नाही, नुसत्या हिरव्या कांड्या, कांडीला कांडी फुटलेली. मोडली की दुधासारखा चीक टपटप गळतो. "काकू, हा पेन्सिल कॅक्टस," मुलगी म्हणाली, "खूप डेलिकेट असतो. याला आठवड्यातून फक्त दोन झाकणं पाणी." मी म्हटलं, बाई, दोन वर्षं पाणी दिलं नाहीस तरी हा मरायचा नाही, फक्त याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस. त्यावर तिचा नवरा हसला. "हो काकू, नेटवर वाचलंय. माइल्डली टॉक्सिक आहे." माइल्डली म्हणे. भाडेकरू वेळेवर भाडं देतात, त्यांच्या ज्ञानाशी आपल्याला काय करायचंय.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, माल्यात शेराचे जाणकार म्हणून ओळखले जायचे. शेतीतलं दुसरं काहीच त्यांना धड जमत नव्हतं. त्यांची भातलावणी गावाच्या आठ दिवस मागं, त्यांचे बैल कायम लंगडे, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला की निम्मी राख वाऱ्यावर जाऊन दुसऱ्याच्या शेतात पडायची. पण शेर लावावा तर अण्णांनीच. लोक घरी बोलवायला यायचे, अण्णा डोक्याला फेटा गुंडाळून, कोयता पाजळून, मुहूर्ताला निघालेल्या भटजीसारखे जायचे. जे झाड तोडून फेकलं तरी उकिरड्यावर रुजतं, ते लावण्याचा एवढा तोरा मी दुसरीकडं पाहिला नाही.

तरी त्यांचे नियम मला आजही पाठ आहेत, आणि खोटं कशाला बोलू, ते नियम बरोबर होते. शेर तोडायचा तो भर दुपारी, उन्हं चांगली तापल्यावर. सकाळच्या गारव्यात कांड्या चिकानं टंच असतात, कोयता लागला की पिचकारी उडते. तोडण्याआधी हाताला कोपरापर्यंत करंजाचं तेल चोपडायचं. कपाळावर भुवईपर्यंत फडकं बांधायचं. तोडणाऱ्याच्या खाली उभं राहायचं नाही आणि वाऱ्याच्या तोंडीही नाही. घाम आला तर पुसायचा नाही, येऊ द्यायचा. तोडलेल्या फांद्या गोठ्याच्या सावलीत, कापलेलं तोंड वर करून, भिंतीला टेकवून ठेवायच्या. आठ-दहा दिवसांत तोंडावर खपली धरते. मग त्या वीतभर खड्ड्यात कोरड्या रोवायच्या. शेण नाही, खत नाही, पाणी तर अजिबात नाही. ओली फांदी लावली किंवा लावल्यावर पाणी घातलं की बुडातून कुजलीच म्हणून समजा. हे सगळं ते मला दर वर्षी नव्यानं सांगायचे, कारण थोरला भाऊ मामाकडं शिकायला होता आणि फांद्या उचलायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आईला ते या कामाला कधी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, बाईमाणसाचा हात शेराला सोसत नाही. मी कोण होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आमच्या शेताला लागून भावकीतलंच निवृत्तीकाकांचं शेत आणि घर. मध्ये शेराचं कुंपण. कुंपणापलीकडं, त्यांच्या हद्दीत चार-पाच हातांवर, डोंगरातल्या झऱ्याचा पाट वाहायचा. पाट म्हणजे काय, मनगटाएवढी धार. पण ती चैत्र-वैशाखातही आटायची नाही, आणि मुळशीत पाऊस चार महिने कितीही झोडपत असला तरी उन्हाळ्यात मनगटाएवढ्या धारेलाच किंमत असते. त्या धारेवर काका-काकी वांगी लावायचे, मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात. आमच्याकडं उन्हाळ्यात सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी, रात्री भाकरी आणि दुपारची उरलेली सुकटीची चटणी. संध्याकाळी पलीकडून भरल्या वांग्याला फोडणी बसल्याचा चर्र आवाज यायचा, मागोमाग वास यायचा, आणि आमच्या ताटातली सुकट घशाखाली उतरेनाशी व्हायची. अण्णा घास चावत म्हणायचे, "त्यांच्या वांग्याला कडूपणा असतुया." वच्छीकाकी कधी वाटीत घालून पाठवायची तेव्हा तेच कडू वांगं पुसून खायचे.

वच्छीकाकी म्हणजे निवृत्तीकाकांची बायको. उंच, हाडाची, आवाज असा की म्हशीला हाक मारली तरी तीन घरं उठून बसावीत. आईची आणि तिची जावाजावांसारखी ये-जा होती. काका अगदी उलट. भिडस्त माणूस. कुणी पायावर पाय दिला तरी आधी हेच माफी मागायचे. अण्णांनी हा स्वभाव बरोबर हेरला होता.

आमच्याकडं मोजणीबिजणी कुणी करून ठेवलेली नव्हती. जिथं कुंपण तिथं हद्द, आणि कुंपण ज्याचं त्यानं लावायचं, ज्याचं त्यानं छाटायचं, अशी गावाची रीत. अण्णांनी या रीतीतली मेख शोधली. ते कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, काकांच्या बाजूला, वीतभर पुढं शेराची नवी ओळ लावायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, जुनी विरळ झालीय, दाट करतोय. दोन वर्षांत नवी ओळ कमरेएवढी झाली की आतली जुनी ओळ मुळापासून तोडून टाकायची. झालं. कुंपण वीतभर पुढं गेलं आणि कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. कुंपणानं शेत खाल्लं असं लोक बोलण्यात वापरतात, माझ्या बापानं ते करून दाखवलं होतं, तेही दुसऱ्याचं शेत. दोनदा असं झालेलं मला आठवतं, माझ्याआधी किती वेळा झालं ते देव जाणे. आता शेवटची उडी राहिली होती. या खेपेला नवी ओळ पाटाच्या पलीकडं लावायची, म्हणजे पाट आमच्यात. वीत वीत करत आलेल्या माणसाला एकदम पाच-सहा हात पुढं जायची घाई झाली, आणि घाई झाली की अण्णांचं शहाणपण नेहमीच गुडघ्यात जायचं.

वैशाखात काकांच्या साडूच्या घरी लग्न निघालं. काका आणि त्यांची दोन मुलं सकाळच्या एसटीनं दोन-तीन दिवसांसाठी गेली. काकी राहिली, कारण म्हैस व्यायला झाली होती. हे अण्णांना माहीत होतं, पण काकी गोठ्यात अडकून पडेल असा त्यांचा हिशेब. फांद्या आठवडाभर आधीच तोडून, खपली धरून तयार होत्या. दुपारपर्यंत थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण एसटी वळणाआड जाते न जाते तोच हे कोयता घेऊन उभे. "चल गं. जुनी ओळ आधी काढू, मंग नवी लावू. सांच्यापतोर सगळं साफ पायजे." मी म्हटलं, तेल? तर म्हणाले, "तेलाला येळ न्हाई." फडकंही बांधलं नाही. गेली कितीतरी वर्षं जे नियम माझ्या डोक्यात कुटून भरले, ते सगळे त्या एका सकाळी स्वतःच मोडले.

अण्णा कोयत्यानं बुडं तोडत होते, मी फांद्या ओढून बाजूला टाकत होते. सकाळचा गारवा, त्यामुळं चीक असा वाहत होता की जमिनीवर पांढरे ओघळ. एक उंच फांदी वरच्या जाळीत अडकली. अण्णा म्हणाले, "वढ." मी दोन्ही हातांनी ओढली, ती मध्येच कडकन मोडली आणि मोडलेलं टोक माझ्या तोंडावर आलं. उजव्या डोळ्यात चीक गेला. पहिला क्षण नुसतं गार लागलं. मग जे पेटलं ते मला आज एवढ्या वर्षांनीही सांगता येत नाही. मी किंचाळले आणि अण्णांनी चिकानं भरलेला हात माझ्या तोंडावर दाबला.

"वरडू नगं. वच्छी ऐकंल."

मुलीचा डोळा जळतोय आणि बापाला काळजी कसली, तर शेजारीण ऐकेल. हे वाक्य मी माझ्या लेकरांना कधी सांगितलं नाही. त्यांना आजोबांचा फोटो आवडतो.

आई धावत आली, मला अंगणात नेलं. तिनं घाबरून तुपाची वाटी आणली आणि बोटानं डोळ्यात तूप घातलं. आग आणखी भडकली. अण्णा मागून आले, वाकून बघितलं, म्हणाले, "थांबंल आग दुपारपतोर. बकरीचं दूध घाल." आई म्हणाली, "पौडाला डाक्टरकडं न्या हिला." त्यावर ते जे बोलले तेही मी विसरलेले नाही. "डाक्टर इचारंल कसं झालं, कुटं झालं. मंग गावभर व्हईल." आणि हा माणूस परत गेला. शेत काही पळून जाणार नव्हतं, पण अर्धं कुंपण उघडं पडलं होतं ना. कोयत्याचे घाव मला ऐकू येत होते, खटाखट, एका लयीत. तशा आगीतही मी ते ऐकत होते.

वच्छीकाकी कुंपणाला पडलेल्या भगदाडातून आली. अण्णांनीच पाडलेलं भगदाड. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं असणार, तोडलेले बुंधे, भिंतीला टेकवलेल्या तयार फांद्या, पाटापलीकडं खणलेले खड्डे. आईच्या हातातली वाटी तिनं बाजूला सारली. "तूप काय घालतीस बये, चीक आत कोंडतुया त्यानं. पानी पायजे, वाहतं पानी." तिनं मला काखोटीला मारलं, पाटावर नेलं, मांडी घालून बसली आणि माझं डोकं मांडीवर आडवं घेतलं. एका हाताची दोन बोटं पापण्यांवर रोवून डोळा उघडा धरला आणि दुसऱ्या हातानं पशामागून पसा पाणी सोडत राहिली. मी लाथा झाडत होते, तिच्या मांडीला चावलेसुद्धा. "चाव," ती म्हणाली, "पर डोळं मिटू नगं." किती वेळ ते सांगता येत नाही. आई नंतर म्हणायची, तासाच्या वर. तिकडं गोठ्यात म्हैस कळा देत हंबरत होती आणि काकी तिला ओरडून सांगत होती, "थांब गं बाई, आले." चार हातांवर अण्णा खड्ड्यात फांद्या रोवत होते. ते आमच्याकडं बघत नव्हते आणि काकीही त्यांच्याकडं बघत नव्हती.

मग काकीनं म्हैस आईच्या हवाली केली, रस्त्यावर दुधाची गाडी थांबवली आणि मला घेऊन पौडला गेली. डॉक्टरांनी डोळा तपासून मलम घातलं, पट्टी बांधली. म्हणाले, पाण्यानं धुतला म्हणून डोळा राहिला, नाहीतर गेलाच होता. पण धोका टळलेला नाही. पंधरा दिवस, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, एक वेळ चुकली तरी डोळ्यात फूल पडेल, बुबुळावर पांढरा डाग, मग काही उपाय नाही. पट्टी सोडताना आई स्वतःच रडायला लागायची. म्हणून ते कामही काकीनं अंगावर घेतलं. सकाळी धार काढून झाली की, दुपारी जेवणानंतर, दिवेलागणीला आणि निजायच्या आधी, ती पदराला हात पुसत यायची, थेंब घालायची आणि जायची. म्हशीला रेडी झाली होती. पहिल्या चिकाचा खरवसही तिनं आम्हाला आणून दिला. तो अण्णांनी खाल्ला.

तिसऱ्या दिवशी निवृत्तीकाका लग्नाहून आले आणि पाटाच्या पलीकडं शेराची ओळ बघून जागच्या जागी उभे राहिले. भिडस्त माणूस, भांडले नाहीत. पाटलांकडं जाऊन हात जोडून म्हणाले, तुम्ही येऊन बघा. पाटलांनी मारुतीच्या पारावर बैठक ठरवली. आता अण्णांची पाचावर धारण बसायला हवी होती. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी घरात ऐकल्यात. अण्णांनी गावात सांगायला सुरुवात केली की कुंपण त्यांच्या वडिलांपासून तिथंच आहे, उलट वच्छीनंच ते तोडायला घेतलं होतं, व्यायला झालेल्या म्हशीच्या वाड्याला कूड करायला. तिच्या कोयत्यानं उडालेला चीक माझ्या डोळ्यात गेला. आणि मग त्यांचा हुकमी एक्का. "न्हाईतर परक्याच्या पोरीचं डोळं कोन तासभर धुतंय? पोटात पाप असल्याबगर?"

हे लोकांना पटलं. मला अजूनही त्या गावाचा राग येतो तो याच्यासाठी. एखाद्या बाईनं उगाच, काही कारण नसताना, दुसऱ्याच्या पोरीसाठी म्हैस अडलेली सोडून धावावं, हे कुणाला पटेना. पापातून धावली हे लगेच पटलं.

बैठकीच्या दिवशी दुपारी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी फणस फोडला होता. एकेक गरा सोलून, आठळी काढून, माझ्या हातावर ठेवत होते. माझ्याजवळ असं ते कधी बसले नव्हते. मला त्यांच्या कपड्यांचा वास नवा वाटला, इतके ते लांबचे होते. "हिरे," ते म्हणाले, "पाटील इचारतील, कोन तोडत व्हतं. तू म्हनायचं, काकी."

"पण काकी तर..."

"काकीला काय कोन फाशी देतुया का? एवढंच बोल. पाट आपल्यात आला की आपलीबी वांगी. सातवी झाली की पौडाच्या शाळंत घालतो तुला. बापाचा शबुद हाय." आणि आणखी एक गरा माझ्या हातावर ठेवला.

आई चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं फुंकणी उचलली आणि पेटलेल्याच चुलीत फुंकत राहिली.

पारावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. बायका खाली, भिंतीच्या कडेला. अण्णांनी मला हाताला धरून नेलं आणि शेवटपर्यंत हात सोडला नाही. त्यांचा हात खरखरीत होता आणि गरम. मला तो सोडायचा नव्हता. हे इथं लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं, कारण लोक समजतात की मुलं भीतीनं खोटं बोलतात. मला भीती नव्हती. माझ्या बापानं सगळ्या गावासमोर माझा हात धरला होता आणि ते मला फार आवडलं होतं.

पाटलांनी विचारलं, "पोरी, भिऊ नगंस. कुंपान कोन तोडत व्हतं?"

मी उघड्या डाव्या डोळ्यानं पाहिलं. काकी भिंतीला टेकून उभी होती, दंडावर माझ्या नखांचे ओरखडे अजून होते.

"काकी," मी म्हणाले.

"कंची काकी?"

"वच्छीकाकी."

निवृत्तीकाका तोंड उघडून काही बोलायला गेले. काकीच पुढं आली. मला वाटलं आता ती आपला तो तीन घरं उठवणारा आवाज काढेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. रेडीला पाजायचं हाय." आणि दोघं निघून गेली.

पाटलांनी निकाल दिला की कुंपण आहे तिथं राहील. पारापासून आमचं शेत हाकेच्या अंतरावर. तिथं जाऊन पाहिलं असतं तर आमच्या बाजूचे ताजे बुंधे दिसले असते, त्यांच्यावरचा चीक अजून नीट सुकलाही नव्हता. पाटापलीकडच्या फांद्या हातानं हलवल्या असत्या तर मुळं न धरलेल्या फांद्या उपटून हातात आल्या असत्या. पण उन्हं फार होती, म्हणून कुणी गेलं नाही. न्याय असा झाला. पुढं मी एका शाळेत तीस वर्षं मास्तरीण होते आणि रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचे. सत्यावरचा सुविचार आला की मी तो एखाद्या मुलाला लिहायला सांगायचे. मुलांना वाटायचं, बाई आपल्याला मान देतात.

त्या दिवशी दिवेलागणीला मी ओट्यावर बसले होते. डॉक्टरांनी सांगितलेली थेंबांची वेळ झाली होती. आई आत-बाहेर करत होती. बाटली कोनाड्यात होती, तिच्याकडं ती बघायची आणि हात पदरात घ्यायची. अण्णा पाटावर बांध फोडायला गेले होते, पहिलं पाणी आपल्या शेतात घ्यायला. काकी येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. नेहमीसारखी रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले, बाटली घेतली, माझी पट्टी सोडली. मी मान खाली घातली होती. तिनं हनुवटीला धरून ती वर केली. मला तिच्याकडं बघावंच लागलं, कारण थेंब घालताना वर बघावं लागतं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी सुटले असते. तिथं काहीच नव्हतं, मी कुणी ओळखीची पोर नव्हते. दोन थेंब पडले. पट्टी पुन्हा बांधत ती आईला म्हणाली, "आजून आठ दिस ऱ्हायलं." तेवढंच.

आठ दिवस, दिवसातून चार वेळा, ती आली. एक वेळ चुकली नाही. नवव्या दिवशी आली नाही, आणि त्यानंतर जिवंत असेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काकांची वांगी त्याच उन्हाळ्यात वाळली. पुढच्या वर्षी म्हैस विकली, मग शेत तसंच टाकून ती दोघं मुलांच्या मागं उरवड्याला गेली. मुलं तिथल्या कंपनीत लागली होती. अण्णांनी पाटावर वांगी लावली खरी, पण त्यांनी लावलेली, म्हणजे ती किडकीच निघाली. शेर मात्र जोमानं वाढला. दिलेला एकच शब्द त्यांनी आयुष्यात पाळला, मला पौडच्या शाळेत घातलं. त्या शाळेवर माझी नोकरी, माझं पेन्शन, माझा गावातला मान सगळं उभं आहे. अण्णा नालायक होते हे मी किती चवीनं लिहिलं, माझं मलाच कळतंय.

मागच्या महिन्यात मोतीबिंदूच्या तपासणीला मुलगा पुण्याला घेऊन गेला. तरुण डॉक्टरीण होती, गोड बोलणारी. उजव्या डोळ्यावर दिवा धरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आजी, इथं खूप जुनी जखम दिसतेय, पुसटशी. लहानपणी काही गेलं होतं का?" मी म्हटलं, शेराचा चीक. ती मागं सरून बसली. म्हणाली, याच्यात डोळा जातोच बहुतेक, तुमचा तर डाव्यापेक्षा चांगला आहे. कुणीतरी लगेच आणि खूप वेळ धुतला असणार. मग मुलाकडं बघून कौतुकानं विचारलं, "कोणी धुतला होता, आजी?"

मुलगा शेजारीच उभा होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले.